ऑस्करला स्टंट दिसले, पण स्टंट करणाऱ्यांच्या करिअरचं काय?

१० एप्रिल २०२५ रोजी ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं एक घोषणा केली. 'स्टंट डिझाइन' या कामालाही आता स्वतंत्र ऑस्कर मिळणार. पुरस्कारांच्या जवळपास शंभर वर्षांच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १३ जुलैला, तमिळनाडूतल्या नागपट्टिनम जिल्ह्यात दिग्दर्शक पा. रंजित यांच्या 'वेट्टुवम' चित्रपटाच्या सेटवर स्टंटमन एस. एम. राजू यांचा मृत्यू झाला. भरधाव गाडी रॅम्पवरून उडवून उलटवायची, असं ते दृश्य होतं. त्याचा व्हिडिओ काही तासांत देशभरातल्या मोबाइलवर फिरला.

एकाच क्षेत्रातल्या या दोन बातम्या आहेत. एकीत सन्मान आहे, दुसरीत मृत्यू. दोन्ही मिळून एक प्रश्न विचारतात: पडण्याचं, उडी मारण्याचं, गाडी उलटवण्याचं काम करणाऱ्यांचं करिअर नेमकं कसं असतं? ही माणसं कुठून येतात, किती वर्षं टिकतात आणि शरीर थकल्यावर कुठं जातात?

ऑस्करचा निर्णय नेमका काय आहे?

२०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून हा पुरस्कार लागू होईल. म्हणजे पहिला मानकरी २०२८ मध्ये, शंभराव्या ऑस्कर सोहळ्यात कळेल.

यासाठीची मोहीम जुनी आहे. स्टंट को-ऑर्डिनेटर जॅक गिल यांनी १९९१ पासून त्यासाठी पाठपुरावा केला. अलीकडच्या काळात 'जॉन विक'चे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की आणि 'द फॉल गाय'चे दिग्दर्शक डेव्हिड लीच यांनी ही मागणी लावून धरली. हे दोघंही मुळात स्टंटमन.

याआधी अकादमीनं स्टंटमनना मानद ऑस्कर दिले होते. याकिमा कॅनट यांना १९६७ च्या सोहळ्यात आणि हॅल नीडहॅम यांना २०१२ मध्ये. पण दरवर्षी स्पर्धेतून मिळणारा पुरस्कार नव्हता. टीव्ही याबाबतीत पुढे होता. एमी पुरस्कारांमध्ये स्टंट को-ऑर्डिनेशनचा विभाग २००२ पासून आहे. भारतही पुढेच होता असं म्हणता येईल. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ॲक्शन दिग्दर्शनाचा पहिला पुरस्कार 'पुलिमुरुगन' या मल्याळम चित्रपटासाठी पीटर हेन यांना मिळाला.

मात्र ऑस्करच्या नावातला एक शब्द महत्त्वाचा आहे: 'डिझाइन'. स्टंट कसा घडवायचा हे ठरवणाऱ्या माणसाचा हा सन्मान आहे. तो स्टंट अंगावर घेणाऱ्याचा नाही. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर पुरस्कार 'फाइट मास्टर'ला मिळेल, 'फायटर'ला नाही. या क्षेत्रातल्या करिअरची सगळी गोष्ट या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

ही माणसं येतात कुठून?

स्टंटमन होण्यासाठी इंजिनिअरिंग किंवा वैद्यकीय शिक्षणासारखा ठरलेला रस्ता नाही. जगभर या क्षेत्रात येणारे बहुतेक जण आधी काहीतरी वेगळं करत होते. शरीरावरचा ताबा त्यांना आधीच्या कामातून मिळालेला असतो.

कॅनट हे रोडिओतले, म्हणजे उधळलेल्या घोड्यांवर बसण्याच्या अमेरिकी खेळातले विजेते. त्यांनी १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांच्या खाली पडून मागे घसरत जाण्याचा स्टंट केला. पुढे 'बेन-हर'मधली प्रसिद्ध रथांची शर्यत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नीडहॅम सैन्यात पॅराट्रूपर होते. स्टाहेल्स्की किकबॉक्सिंग करायचे. न्यूझीलंडची झोई बेल जिम्नॅस्टिक्स आणि मार्शल आर्ट्समधून आली. आधी 'झीना' मालिकेत लूसी लॉलेसची आणि नंतर 'किल बिल'मध्ये उमा थर्मनची ती डबल होती.

नवे खेळ आले, तशी नवी माणसं आली. भिंतीवरून, गच्चीवरून, कठड्यांवरून धावत जाण्याचा 'पार्कूर' हा प्रकार फ्रान्समध्ये रुजला. त्यातला सेबास्टियन फुकां २००६ च्या 'कसिनो रॉयाल'मध्ये जेम्स बाँडच्या पुढे पळताना जगानं पाहिला. 'स्कायफॉल'मध्ये इस्तंबूलच्या बाजाराच्या छपरावर धावणारी मोटरसायकल रॉबी मॅडिसन या ऑस्ट्रेलियन मोटोक्रॉस खेळाडूनं चालवली होती.

भारतात वाट वेगळी आहे. इथं खेळापेक्षा गरज आणि ओळख यांनी माणसं या कामात आणली. रेश्मा पठाण यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी, किशोरवयातच, घर चालवण्यासाठी हे काम धरलं. 'शोले'मध्ये बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा हेमा मालिनींच्या जागी त्या होत्या. शाम कौशल पंजाबमधून मुंबईत आले, काही काळ सेल्समनची नोकरी केली आणि मग स्टंटमन झाले. आज त्यांची ओळख मोठ्या चित्रपटांचे ॲक्शन दिग्दर्शक आणि अभिनेता विकी कौशलचे वडील अशी आहे.

साहसी खेळाडूंना कॅमेरा का लागतो?

याचं उत्तर पैशात आहे. क्रिकेट किंवा टेनिसमध्ये तिकिटं विकली जातात, लीग असतात, मंडळ मानधन देतं. विंगसूट घालून कड्यावरून उडी मारणाऱ्याला स्टेडियम नसतं. त्याचा प्रेक्षक पडद्यावरच असतो. त्यामुळे या खेळात कमाईसाठी दोनच आधार उरतात: प्रायोजक आणि कॅमेरा. आणि कॅमेरा नसेल तर प्रायोजकही येत नाही.

अमेरिकेत १९९५ मध्ये ईएसपीएन वाहिनीनं 'एक्स गेम्स' सुरू केले, ते मुळात टीव्हीसाठीच. ट्रॅव्हिस पास्त्रानानं २००६ च्या एक्स गेम्समध्ये मोटरसायकलवर दुहेरी बॅकफ्लिप मारली. काही वर्षांत त्याचा 'नायट्रो सर्कस' हा कार्यक्रम एमटीव्हीवर आला आणि खेळाडूचा निर्माता झाला.

एनर्जी ड्रिंक विकणाऱ्या रेड बुलनं तर स्वतःची माध्यम कंपनी उभी केली. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनरनं सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली, ती यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक पाहत होते. जाहिरात, विज्ञान आणि मनोरंजन यांच्यातली रेघ त्या दिवशी पुसट झाली. बाउमगार्टनरचा १७ जुलै २०२५ रोजी इटलीत मोटरच्या पॅराग्लायडरनं उडताना अपघाती मृत्यू झाला. राजू यांच्या मृत्यूनंतर अवघ्या चार दिवसांनी.

त्याच प्रकल्पाशी सल्लागार म्हणून जोडलेला ल्यूक आयकिन्स हे या क्षेत्रातलं चांगलं उदाहरण आहे. स्कायडायव्हिंगचा प्रशिक्षक, मग 'आयर्न मॅन ३'मधल्या आकाशातल्या दृश्यांमागचा जाणकार आणि ३० जुलै २०१६ रोजी पॅराशूटशिवाय २५ हजार फुटांवरून जाळ्यात उडी मारणारा माणूस. ही उडी अमेरिकेत टीव्हीवर थेट दाखवली गेली. जिमी चिननं उलटी वाट धरली. गिर्यारोहक असलेल्या चिननं कॅमेरा स्वतःच हातात घेतला. एलिझाबेथ चाई वासरेली यांच्यासोबत त्यानं केलेल्या 'फ्री सोलो'ला २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं.

महाराष्ट्रात या प्रकारातलं ठळक नाव पुण्याच्या शीतल महाजन यांचं. २००४ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर पॅराशूट उडी मारली, पुढे दक्षिण ध्रुवावरही मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी साडी नेसून स्कायडायव्हिंग केलं. ती नऊवारीतली उडीच अनेकांच्या लक्षात राहिली, यावरूनही दिसतं की अशा खेळात विक्रमाइतकंच 'दृश्य' मोजलं जातं.

खेळ येतो म्हणजे स्टंट येतो का?

नाही. आणि हा गैरसमज जिवावर बेततो.

खेळाडू त्याच्या सोयीच्या कपड्यांत, स्वतःच्या वेळेला, स्वतः ठरवलेल्या जागी उडी मारतो. स्टंट करणारा दुसऱ्याच्या कपड्यांत, दुसऱ्यानं सांगितलेल्या क्षणी, ठरलेल्या खुणेवर थांबतो. रिटेक झाला तर तेच पुन्हा करतो.

जॉय हॅरिस ही अमेरिकेतली व्यावसायिक मोटरसायकल रेसर होती. १४ ऑगस्ट २०१७ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 'डेडपूल २'च्या चित्रीकरणात मोटरसायकलवरचा ताबा सुटून तिचा मृत्यू झाला. स्टंट म्हणून तिचा हा पहिलाच चित्रपट होता. व्यक्तिरेखा हेल्मेट घालत नसल्यानं तिच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेनं चौकशीत निर्मिती कंपनीच्या त्रुटी नोंदवल्या. नव्या कामगाराला द्यायची प्राथमिक माहिती न देणं ही त्यातलीच एक. कंपनीला सुमारे २ लाख ९० हजार कॅनेडियन डॉलरचा दंड झाला. या चित्रपटाचे दिग्दर्शक होते डेव्हिड लीच. म्हणजे वरिष्ठ माणूस स्टंटच्याच क्षेत्रातला असला, तरी तेवढ्यानं सेट सुरक्षित होत नाही.

भारतातलं उदाहरण त्याहून साधं आणि त्याहून अस्वस्थ करणारं आहे. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बेंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मस्ती गुडी' या कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उड्या मारताना अनिल आणि उदय हे दोन कलाकार बुडाले. आपल्याला नीट पोहता येत नाही, हे त्यांनी आधीच माध्यमांशी बोलताना सांगितलं होतं. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. दोघं खलनायकाच्या भूमिकांतून नाव कमावू पाहत होते. 'नाही' म्हटलं तर पुढचं काम मिळेल का, ही भीती या क्षेत्रात प्रत्येक नवख्याच्या मनात असते.

बढतीची शिडी कशी असते?

हॉलिवूडमधली शिडी साधारण अशी: आधी गर्दीतला स्टंट परफॉर्मर. मग एखाद्या नटाचा ठरलेला डबल. मग स्टंट को-ऑर्डिनेटर, जो स्टंट आखतो, माणसं निवडतो, सुरक्षेची जबाबदारी घेतो. त्यानंतर 'सेकंड युनिट'चा दिग्दर्शक, म्हणजे मुख्य कलाकारांशिवाय होणाऱ्या पाठलागांचं, मारामाऱ्यांचं चित्रीकरण करणारा. आणि अगदी थोड्यांसाठी, मुख्य दिग्दर्शक.

स्टाहेल्स्की या शिडीच्या टोकापर्यंत गेले. 'द मेट्रिक्स'मध्ये कियानू रीव्हजचे डबल, मग लीच यांच्यासोबत स्वतःची ॲक्शन कंपनी, आणि २०१४ मध्ये त्याच रीव्हजला घेऊन 'जॉन विक'. नीडहॅम यांनी १९७७ मध्ये 'स्मोकी अँड द बँडिट' दिग्दर्शित केला. इंडियाना जोन्सच्या चित्रपटांत हॅरिसन फोर्डचे डबल असलेले विक आर्मस्ट्राँग यांची वाट आणखी वेगळी. उंचावरून पडणाऱ्याचा वेग आवरणारं यंत्र तयार केल्याबद्दल अकादमीनं त्यांना तांत्रिक पुरस्कार दिला.

हिंदी चित्रपटसृष्टीत वीरू देवगण स्टंट करत करत नामांकित ॲक्शन दिग्दर्शक झाले. त्यांचा मुलगा अजय देवगण नट झाला. पडद्यावर खलनायक रंगवणारे एम. बी. शेट्टीही मारामारीच्या दृश्यांतलेच. त्यांचा मुलगा रोहित शेट्टी आज गाड्या उडवणाऱ्या चित्रपटांचा दिग्दर्शक आणि 'खतरों के खिलाडी'चा सूत्रधार आहे.

पण ही उदाहरणं डोळ्यांत भरतात, कारण ती मोजकी आहेत. एका चित्रपटाला डझनावारी फायटर लागतात, फाइट मास्टर मात्र एक किंवा दोन. त्यामुळे पन्नाशीच्या आसपास गुडघे आणि पाठ कुरकुरायला लागतात, तेव्हा बहुतेकांना वरची पायरी मिळालेली नसते. इथं वरच्या पायरीवर जाण्यासाठी ओळख आणि घराणं यांचंही वजन असतं.

स्त्रियांसाठी शिडी अजून अरुंद आहे. नायिकेच्या जागी विग घातलेला पुरुष उभा करण्याची पद्धत जगभर होती, आणि तिच्यामुळे बायकांच्या हातातलं काम गेलं. शिवाय नायकाच्या जॅकेटखाली संरक्षक पॅड लपतात, नायिकेच्या तोकड्या किंवा तलम कपड्यांखाली ते लपत नाहीत. म्हणजे तीच उडी, पण मार जास्त.

टीव्हीनं या कामाची ओळख घराघरांत नेली, पण वेगळ्या प्रकारे. २००८ मध्ये सुरू झालेला 'खतरों के खिलाडी' हा परदेशी 'फिअर फॅक्टर'वर बेतलेला कार्यक्रम. त्यात प्रेक्षक ओळखीच्या नटाची भीती आणि हिंमत पाहतो. दोर बांधणारी, उंची मोजणारी माणसं चौकटीबाहेर राहतात.

अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

डेव्हिड होम्स हा जिम्नॅस्ट हॅरी पॉटरच्या चित्रपटांत डॅनियल रॅडक्लिफचा डबल होता. २००९ मध्ये एका दृश्याच्या तालमीत वायरनं मागे खेचलं जाताना त्याच्या मणक्याला इजा झाली आणि तो कायमचा व्हीलचेअरवर आला. त्याच्यावर २०२३ मध्ये माहितीपट आला आणि अनेक प्रेक्षकांना तेव्हाच कळलं, की असा कुणी होता.

भारतात विम्याचाच प्रश्न मोठा आहे. सर्वसाधारण अपघात विमा धोकादायक कामं आणि साहसी खेळ वगळतो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच संरक्षण मिळणं सगळ्यात अवघड. राजू यांच्या मृत्यूनंतर अभिनेता अक्षय कुमारनं सुमारे ६५० स्टंट कलाकारांच्या विम्याची सोय केल्याच्या बातम्या आल्या. २०१७ पासून तो हे करतो आहे. त्यातून पाच ते साडेपाच लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात, असं सांगण्यात आलं.

ही मदत मोलाची आहे, यात शंका नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट उघडीही पडते. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या उद्योगात काम करणाऱ्याचा विमा एका नटाच्या भलेपणावर उभा असेल, तर तो हक्क राहत नाही. उपकार होतो. आणि उपकार मागता येत नाही, फक्त मिळाला तर घेता येतो.

म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवसापासून केंद्र सरकारनं चार श्रम संहिता लागू केल्या. सरकारच्या निवेदनात दृकश्राव्य क्षेत्रातल्या कामगारांत डबिंग कलाकारांसोबत स्टंट करणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पद, वेतन आणि सामाजिक सुरक्षेचे हक्क लिहिलेलं नियुक्तीपत्र बंधनकारक, आणि संमतीनं केलेल्या जादा वेळेला दुप्पट मोबदला, असं त्यात म्हटलं आहे. फोनवर बोलावणं आणि दिवसाच्या हिशेबानं पैसे, अशी सवय असलेल्या क्षेत्रात हे सेटपर्यंत पोहोचतं का, हीच खरी परीक्षा आहे.

एआय आल्यावर हे काम उरेल का?

संगणकामुळे काही धोके नक्कीच कमी झाले. वायर पुसता येते, खालची जाळी अदृश्य करता येते, डबलच्या चेहऱ्यावर नटाचा चेहरा बसवता येतो. पण त्याच तंत्रानं नवी भीती आणली. कलाकाराचं शरीर आणि हालचाल एकदा स्कॅन केली, की पुढच्या वेळी माणूस बोलावलाच नाही तर?

२०२३ मध्ये हॉलिवूडच्या कलाकारांनी ११८ दिवस संप केला, त्यात एआय आणि संमती हा कळीचा मुद्दा होता. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये व्हिडिओ गेममधल्या कलाकारांचा संप सुरू झाला आणि तो जवळपास वर्षभर चालला. गेममधल्या पात्रासाठी उड्या मारणारा, पडणारा माणूस 'कलाकार' मानायचा की नुसता 'डेटा' पुरवणारा, हा त्यातला एक वाद होता. चेहरा दिसत नाही म्हणून आजवर ज्यांचं श्रेय हुकलं, त्यांची आता हालचालही दुसऱ्याच्या मालकीची होऊ शकते.

रील पाहणाऱ्यांनी यातून काय घ्यावं?

हातात मोबाइल असलेल्या प्रत्येकाला आज स्टंटचा प्रेक्षक मिळू शकतो. पण पंधरा सेकंदांच्या रीलमधून दिसत नाही ती मागची तयारी: अनेकदा केलेली तालीम, खालची पुठ्ठ्याची खोकी किंवा एअरबॅग, बाजूला उभी रुग्णवाहिका, 'आज नको' म्हणण्याचा अधिकार असलेला को-ऑर्डिनेटर. हे सगळं असेल तर तो व्यवसाय. हे काढून टाकलं तर उरतो तो नुसता धोका, मग त्याला कितीही लाइक मिळोत.

ज्यांना खरोखर या क्षेत्रात जायचं आहे, त्यांच्यासाठी वरच्या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. टिकले ते एका कौशल्यावर थांबले नाहीत. कुणी यंत्र बनवलं, कुणी कॅमेरा शिकला, कुणी इतरांना पडायला शिकवलं. शरीर हे भांडवल आहे, पण ते वापरलं की झिजतं. म्हणून दुसरं भांडवल पहिलं शाबूत असतानाच उभं करावं लागतं.

२०२८ मध्ये पहिल्या स्टंट ऑस्करचा मानकरी मंचावर येईल, तेव्हा टाळ्या वाजतीलच. मुंबई, चेन्नई, हैदराबादच्या सेटवर त्या दिवशी काय बदललेलं असेल, हे मात्र दोन साध्या कागदांवरून कळेल: फायटरच्या हातात नियुक्तीपत्र आहे का, आणि त्याच्या विम्याचा हप्ता कोण भरतो.